अर्धं उभं टेबल

घरीच टेबल टाका, असं तुम्ही म्हणालात, साहेब. खुर्चीतून न उठता म्हणालात, बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणालात. समोर वाहिद मिस्त्री उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. त्याला फक्त तालुक्याच्या खेळाच्या हॉलची चावी पाहिजे होती, तीही संध्याकाळपुरती. तुम्ही म्हणालात, "दोन पोरींसाठी आम्ही हॉल उघडा ठेवायचा का? एवढा शौक असेल तर घरीच टेबल टाकून द्या ना मिस्त्री. सुतार आहात तुम्ही." आणि शेजारी बसलेले दोघं-तिघं हसले.

तुम्ही विसरला असाल. दिवसभर अशी वाक्यं फेकणाऱ्याला एकेक वाक्य आठवत नसतं. ज्याला लागलं त्याला मात्र आठवतं. वाहिदनं ते वाक्य खरं मानलं. साहेब बोलला म्हणजे काही विचार करून बोलला असेल, असं त्याला वाटलं. त्या वाक्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. कुलूप तुम्ही लावलंत, तेव्हा हेही तुम्हीच ऐका.

वाहिदचं दुकान घाटंजीकडून पांढरकवड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. दुकान कसलं, टिनाचं शेड, मागं दोन खोल्या. दाराच्या चौकटी, खिडक्या, लग्नाचे दिवाण, असलं काम. सागवान सोडून दुसऱ्या लाकडाला तो हात लावायचा तो नाइलाजानं. शहरातून भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं फर्निचर यायला लागलं, तेव्हा गिऱ्हाईक मुद्दाम त्याला दाखवायला नेत. तो बोटाच्या पेरानं त्यावर ठोकायचा आणि म्हणायचा, "हे लाकूड नाही बाप्पा, लाकडाचं उष्टं आहे." ठोकून लाकडाची आतली गत सांगावी ती त्यानंच. कुठं पोकळ, कुठं ओलं, कुठं गाठ दडलेली, सगळं त्याला कानानं कळायचं.

एकच पोरगी त्याला, गझाला. आणि गझालाला एकच मैत्रीण, दीपा. दीपाची माय पंचफुलाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बाप नाही. दोघी पोरी पाचवीपासून एका बाकावर, आणि सातवीपासून तुमच्या हॉलमध्ये टेबलाच्या एका बाजूला. संघदीप सर टेबल टेनिस शिकवायचे. कंत्राटावरचा माणूस, पण संध्याकाळ झाली की अंगात वारं भरल्यासारखा. गझाला उजवी, दीपा डावखुरी. सर म्हणायचे, अशी जोडी मागून मिळत नाही, दोघी मिळून टेबलाचे दोन्ही कोपरे झाकतात. गझालाच्या तोंडाला खेळतानाही विसावा नसायचा. दीपा बोलायची कमी, पण बोलली की टोचायचं. "हे गझाला हारली की बॅटकडं पाह्यते," ती म्हणायची, "अन जिंकली की आरशाकडं."

मग मतदानाचं सामान ठेवायला म्हणून तुम्ही हॉल घेतलात. चार दिवसांसाठी, असं सांगितलं होतं. मतदान झालं, निकाल लागला, निवडून आलेल्यांचे हार सुकले, आणि कुलूप तसंच. सामान गेलं तर तुमच्या मोडक्या खुर्च्या आल्या, जुनी कपाटं आली, फाटके फ्लेक्स आले. संघदीप सरांचं कंत्राट पुढं सरकलं नाही. पोटासाठी माणूस नागपूरला गेला. जाताना दोघींना एकेक बॅट देऊन गेला. बंद हॉलच्या खिडकीतून पोरी आत डोकावून यायच्या. एकदा तुमची कसली बैठक झाली, त्या दिवशी दोन्ही टेबलं उघडी दिसली. एकावर वरणाची बादली होती आणि दुसऱ्यावर पंगतीच्या पत्रावळी. दीपा गझालाच्या घरी येऊन शमाचाचीला, म्हणजे वाहिदच्या बायकोला, म्हणाली, "चाची, आपल्या टेबलावर त्याइनं गरम भात ठेवला वं."

खेळ म्हणजे वेळ घालवायचा चाळा, असं तुम्ही धरून चालता म्हणून इथं एक गोष्ट स्पष्ट करायला पाहिजे. पंचफुलाबाईनं हिशोब सरळ ठेवला होता. दहावीनंतर तिची बहीण दीपाला चाकणला न्यायला तयार होती, कंपनीत लावून देते म्हणाली होती. पंचफुलाबाई म्हणाली, "थांब. पोरगी अमरावतीच्या निवडीत लागली त खेळावर तिचं शिक्षण होईल, हॉस्टेल भेटंल, ते शिकंल. नाही लागली त ने मंग." म्हणजे अमरावतीची निवड ही दीपासाठी शाळा की कंपनी, एवढी मोठी होती. गझालाला ते माहीत होतं. वाहिदलाही माहीत होतं. म्हणून तो टोपी हातात घेऊन तुमच्याकडं आला होता.

तुमच्या दारातून तो परत आला आणि रात्री जेवायला बसला नाही, सरळ शेडच्या मागं गेला. तिथं गोणपाटात गुंडाळलेल्या सागाच्या फळ्या होत्या. गझाला जन्मली त्या साली त्यानं डेपोच्या लिलावातून आणून बाजूला ठेवलेल्या. सुताराच्या घरात पोरगी झाली की चांगलं लाकूड तिच्या दिवाणासाठी वेगळं काढायचं, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. इतकी वर्षं गरज पडली, गिऱ्हाईक मागत आलं, त्यानं त्या फळ्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता.

शमा मागं येऊन उभी राहिली. "काय शोधून राह्यले?"

"टेबल बनवतो पोरीले."

"कशाचं?" तिनं गोणपाट पाहिलं अन ती हबकली. "नाही हां. तिच्या दिवाणाचं लाकूड आहे ते. काय झालं तुमाले? मुंजाचं वारं लागलं का?"

"दिवाणावर झोपाचं तवा झोपंल. आता तिले जागी राहू दे."

"अजी, प्लायवूड आणा ना. भेटते बजारात."

वाहिद हसला. "साहेबाइनं म्हटलं सुतार आहात. सुतारानं भुशावर लेकीले खेळवाचं का?"

इथंच माणूस चुकला. आणि ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. पैशावर नजर ठेवणाऱ्यानं स्वस्तातलं तयार टेबल आणलं असतं, ते तरी बरं खेळलं असतं. लाकडावर जीव असलेला माणूसच असं चुकू शकतो.

तो दोन आठवडे दुसरं काम न घेता त्या टेबलामागं लागला. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच, ही मापं संघदीप सरांना फोन करून विचारली. सर म्हणाले, "मिस्त्री, वरचा बोर्ड मात्र..." आणि लाईन कटली. वाहिदनं पुन्हा लावला नाही. बोर्डाचं त्याला कोण शिकवणार! फळीला फळी खाचेत बसवली, सरस भरला, खालून आडव्या पट्ट्या दिल्या. रंधा असा मारला की तळहात फिरवला तर जोड कुठं आहे ते कळू नये. मग पॉलिश. पॉलिश करताना तो गुणगुणत होता. लग्नात ढोलकीवर म्हणतात तसलं काहीतरी, शब्द त्याचे त्यालाच माहीत. जाळीही त्यानंच ताणली, दोन पितळी चापांत. शेडमध्ये बल्ब लावला तेव्हा ते टेबल आरशासारखं चमकलं. रस्त्यानं जाणारे लोक सायकली थांबवून पाहायला लागले. एकानं विचारलं, "मिस्त्री, कोण्या नवाबाचा दस्तरखान आहे हा?"

पोरी आल्या. गझालानं चेंडू हातात घेतला, टेबलावर टाकला, झेलला. पुन्हा टाकला, थोडा इकडं. तिचा चेहरा जरा थांबला. दीपानं आपल्या बाजूनं टाकून पाहिला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

वाहिद दाराला टेकून उभा होता, हाताला पॉलिशचा वास, डोळ्यांत लहान लेकरासारखी वाट पाहणं.

"कसं आहे?"

"मस्त आहे अब्बू," गझाला म्हणाली.

"लयच मस्त, चाचा," दीपा म्हणाली. "हॉलपेक्षा भारी."

त्या टेबलावर फळीच्या मध्यावर चेंडू उसळायचा एक, जोडावर उसळायचा दुसराच. खाली जिथं आडवी पट्टी होती तिथं टणकन वर यायचा, आणि मधल्या जोडाच्या रेघेवर पडला की मेल्यासारखा बसायचा. पॉलिशवरून तो घसरायचा, बल्बाच्या चकाकीत दिसेनासा व्हायचा. पोरींना हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पण त्यांनी ते पोटात ठेवलं आणि त्याच टेबलाशी जुळवून घेतलं. कोणत्या जोडावर चेंडू मरतो ते पाठ झालं. दीपा तर बरोबर त्याच रेघेवर चेंडू टाकायला शिकली. समोरची गझाला वाकून, टेबलाला नाक लावून तो उचलायला शिकली. दोघी रोज खेळायच्या, घाम गाळायच्या, आणि रोज थोडा थोडा खेळ विसरत जायच्या. संघदीप सर असते तर एका नजरेत ओरडले असते. सर कुठं होते ते तुम्हाला माहीत आहे.

अमरावतीला वाहिद सोबत गेला होता. शमानं डब्यात खिमा-रोटी बांधून दिली होती, दीपासाठी वेगळी भेंडी, तिला आवडायची म्हणून. हॉल मोठा, छत उंच, टेबलं ओळीनं मांडलेली. वाहिद लाकडी पायरीवर बसला. खेळातलं त्याला फारसं कळत नव्हतं. गुण कसे मोजतात तेही तो शेजारच्याला विचारत होता. पण खेळ सुरू झाला, आणि त्याचा कान टवकारला.

टक. टक. टक. टक.

टेबलभर एकच आवाज. कोपऱ्यात पडो, मध्यात पडो, जाळीपाशी पडो. घरचा आवाज त्याच्या कानात होता: टक, ठप, टक, टण, ठप. तो आवाज त्यानं इतके दिवस ऐकला होता, पण पोरी खेळतायत या आनंदात ऐकला होता. लाकूड ठोकून पारखणाऱ्या माणसानं स्वतःचं लाकूड पारखलं नव्हतं.

दीपानं सवयीनं चेंडू त्या रेघेवर टाकला. रेघ इथं नव्हती. चेंडू मेला नाही, छातीएवढा वर आला, आणि समोरच्या पोरीनं तो ठोकून काढला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. गझाला सवयीनं वाकायची आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जायचा. मागं बसलेलं कोणीतरी हसलं, "या काय शोधून राह्यल्या खाली?" दीपा एकदा वळून गझालाकडं पाहत हसली. ती अशी हसते तेव्हा रडायच्या बेतात असते, हे गझालाशिवाय कोणाला ठाऊक नाही.

पहिल्याच फेरीत संपलं सगळं.

बसस्टँडवर तिघं बाकावर बसले. डबा उघडलाच नाही. वाहिदनं विचारलं, "तुले माहीत होतं?"

"काय अब्बू?"

"टेबलाचं."

गझाला चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. शेवटी दीपा बोलली. "चाचा, तुमी पॉलिश करून राह्यले होते तवा गाणं म्हणून राह्यले होते. आमी कसं सांगतो तुमाले?"

वाहिदनं तोंड फिरवलं. यवतमाळची गाडी लागल्याचं भोंग्यातून ओरडत होते, तरी तो उठेना. दीपानंच त्याची पिशवी उचलली.

घरी आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर शपथ घेतली नाही की काही नाही. सकाळी उठून तो पंचफुलाबाईच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. "एक साल थांबा बाई. चूक माही आहे, पोरींची नाही. मी खरं टेबल आणतो. अकरावीतही निवड असते."

पंचफुलाबाई चुलीवरून उठून आली. "वाहिदभाई, तुमी माह्या पोरीसाठी लेकीच्या दिवाणाचं लाकूड कापलं. तुमाले मी काय बोलू? माहीच हिंमत पुरून नाही राह्यली." ती थांबली, मग म्हणाली, "पाहू."

त्या 'पाहू'ला वाहिद होकार समजला.

यवतमाळला सेवादासभाऊचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथं तो दोन्ही पोरींना घेऊन गेला. यावेळी त्यानं ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही, पोरी म्हणतील ते. पण दुकानात शिरल्या शिरल्या सवयीनं त्यानं पहिल्या टेबलावर बोट ठोकलंच.

सेवादास हसला. "मिस्त्री दिसता तुमी. घरात लग्नाची गोष्ट असल्यासारखं ठोकून राह्यले."

"हे भुशाचंच आहे ना?"

"भुशाचंच. भारीतलं भारी घ्या, तरी भुशाचंच. त्यात ना गाठ, ना रेषा, ना जोड. चेंडूले खानदानी लाकूड लागत नाही भाऊ, त्याले सगळीकडं सारखं लागते."

हे वाक्य वाहिदला आधी कोणी ऐकवलं असतं तर!

सेवादासनं एकेक टेबल दाखवलं. हे पातळ बोर्डाचं, वाढदिवसाला लेकरांना घेऊन देतात ते. चेंडू वर येतच नाही, थोडं दमट झालं की फुगतं. हे मधलं, जाड, मधोमध दुमडणारं, चाकं असलेलं. आणि ते पलीकडचं सगळ्यात जाड, स्पर्धेतलं, एकदा मांडलं की हलत नाही. त्यानं फूटपट्टी उभी धरली, चेंडू फूटभर उंचीवरून सोडला. "पाऊण फूट वर आला पाहिजे. अन इथं जेवढा, तेवढाच तिथं. पाहा." वाहिदनं स्वतः चार ठिकाणी सोडून पाहिला. डोळे मिटून. टक, टक, टक, टक. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"रंगाचं पाहा," सेवादास म्हणाला, "चमकदार कधी घेऊ नका. डोळ्यात जाते, चेंडू घसरते." पोरींनी जमिनीकडं पाहिलं. वाहिद म्हणाला, "हाव. घसरते."

मग जागेचं निघालं. टेबल मावेल तेवढी जागा पुरत नाही, मागं सरकायला दोन्ही बाजूंना माणसाला मोकळं पाहिजे. वाहिद म्हणाला, माझा कामाचा ठेला बाहेर रस्त्यावर काढतो, उन्हात काम करीन. जाळी चापाची घेतली, स्क्रूनं आवळायची. चेंडू प्लास्टिकचे, तीन तारे छापलेले, कारण स्पर्धेत तेच असतात आणि हाताला सवय त्याचीच पाहिजे. बॅट पाहताना वाहिदनं विचारलं, "डावखुऱ्याची बॅट वेगळी येते का?" दोघी पोरी इतक्या हसल्या की सेवादासही हसायला लागला. "अब्बू, डावखुऱ्याचा पंखा वेगळा येते का?" गझाला म्हणाली. त्या दिवसातलं ते एवढंच हसणं. त्या पोरींचं एकत्र असं तेच शेवटचं, पण हे तेव्हा एकीलाच माहीत होतं.

गझालाला जाड टेबल पाहिजे होतं, स्पर्धेतलं. तिनं हात लावून ठेवला होता त्यावर. "हेच अब्बू. अमरावतीले असंच होतं."

दीपा म्हणाली, "नाही. ते दुमडणारं घ्या."

"येडी झाली का? त्याचा बोर्ड पातळ आहे."

"थोडाच पातळ आहे. चेंडू सारखाच उसळून राह्यला, मी पाह्यला." दीपा त्या दुमडणाऱ्या टेबलापाशी गेली. खटका ओढून तिनं अर्धा भाग उभा केला. टेबलाचा एक भाग आडवा, दुसरा भिंतीसारखा सरळ. तिनं चेंडू मारला. तो उभ्या भागावर आपटून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला.

"हे सोय एकट्यासाठी असते," सेवादास म्हणाला. "सोबत नसलं कोणी तरी खेळता येते."

"आपल्याले काय करायची?" गझाला म्हणाली. "आपण काय एकट्या आहो?"

दीपा तिच्याकडं न पाहता वाहिदकडं वळली. "चाचा, हेच घ्या. चाकं आहेत, शेड झाडाले सरकवता येते. चाचीले सोपं जाईल." मग हळूच, "माहं ऐका चाचा. हेच घ्या."

वाहिदनं ऐकलं. एकदा स्वतःचं ऐकून चुकला होता. त्यानं दोघींसाठी चांगल्या रबराची एकेक बॅट काढायला सांगितली. दीपानं तिची बॅट हातात तोलून पाहिली, कडेवर चेंडू उडवला, आणि परत काचेत ठेवली. "मले सरांनी देलेलीच बरी. हात बसला त्याच्यावर."

टेबल टेम्पोतून आलं त्या दिवशी शमानं शेड पाण्यानं धुऊन काढलं होतं. सागाचं टेबल वाहिदनं आडवं करून भिंतीला टेकवून ठेवलं, पाठ बाहेर करून. नवं टेबल मांडलं, जाळी आवळली. गझाला पळतच दीपाला बोलवायला गेली. जाताना पळत गेली, येताना पाय ओढत आली. तिच्या मागून पंचफुलाबाई.

"सकाळच्या गाडीनं गेली वाहिदभाई," ती म्हणाली. "मावशीसंग."

"काल त तुमी काही म्हटलं नाही!"

"अमरावतीहून आली त्याच आठवड्यात ठरलं होतं. माहे हातपाय आता खिचडीच्या भांड्याले नाही राह्यले. बाई नवी ठेवणार म्हणतात. एक साल कोठून आणू मी?"

"मंग थे यवतमाळले कायले आली होती आमच्यासंग?"

पंचफुलाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हणे, जाऊन येतो माय. गझाला चकचकीत पाहून भुलते. तिले चुकीचं टेबल नको घ्यायले."

वाहिद टेबलाकडं वळला. त्याला तेव्हा तो खटका दिसला. कोणी सांगायची गरज उरली नव्हती. त्यानं खटका ओढला, अर्धा भाग हळूच उभा केला. शमा म्हणाली, "राहू द्या ना आज." पण तो उभा करून झाला होता. गझाला त्या उभ्या पाटीसमोर उभी राहिली, सरांनी दिलेली बॅट हातात धरून. आणि बराच वेळ तिनं चेंडू मारलाच नाही.

मग ती खेळायला लागली. रोज. टक-टक, टक-टक. वाहिद बाहेर उन्हात रंधा मारायचा आणि आतला आवाज ऐकायचा. आवाजात खोट नव्हती. खोट कशात होती ते त्यालाही कळत होतं, म्हणून मग एक दिवस तोच बॅट घेऊन आत गेला, पाटी खाली पाडली आणि समोर उभा राहिला. त्यानं बॅट रंध्यासारखी धरली होती. पहिला चेंडू त्यानं शमाच्या मसाल्याच्या डब्यात घातला. शमा आतून ओरडली, "हे खेळ आहे का माह्या भाजीवर राग आहे?" गझाला हसली नाही. ती म्हणाली, "छान मारला अब्बू. अजून एक." आणि अगदी हळू, त्याच्या बॅटवर आणून ठेवल्यासारखा चेंडू दिला. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच.

वाहिदचा हात थांबला. पोरगी परत त्याचं मन राखत होती. पहिल्या टेबलाच्या वेळी राखलं होतं, तसंच.

"असं नको खेळू," तो म्हणाला.

"कसं?"

"मले हारव."

गझालानं चेंडू हातात घेतला. "तुमाले हारवून काय करू अब्बू?" ती म्हणाली. "अन थे पाटी... पाटी कधी चुकतच नाही. काही बोलतही नाही. आपण जिंकलो का हारलो ते कळतच नाही तिच्यासंग."

चाकणहून कधी कधी फोन येतो. दीपाला कंपनीत पॅकिंगला लावलं आहे. उभं राहून काम. तिचा डावा हात दुखतो, ती सांगत नाही, आवाजावरून कळतं. एकदा ती म्हणाली, "फोन टेबलावर ठेव ना. आयकू दे." गझालानं फोन टेबलावर ठेवला, पाटी उभी केली आणि मारत राहिली. थांबली तेव्हा पलीकडून दीपा म्हणाली, "सारखा वाजून राह्यला ना?"

"हाव. सगळीकडं सारखा."

"मंग बरं आहे," दीपा म्हणाली, आणि फोन ठेवला.

तो त्या टेबलाचा शेवटचा आवाज. त्यानंतर टेबल तसंच आहे, अर्धं उभं. गझाला त्याला हात लावत नाही. शमा त्यावर पापडही वाळू घालत नाही. वाहिदनं सांगितलंय, त्यावर पेलासुद्धा ठेवायचा नाही. रोज सकाळी तो कापडानं ते पुसतो. कोणी विचारलं की पोरगी काहून खेळत नाही, तर तो भिंतीला टेकवलेल्या सागाच्या टेबलाकडं बोट दाखवतो आणि सांगतो, "मी हारवलं त्याइले. माह्या सागवानानं हारवलं." प्रत्येकाला सांगतो. चहावाल्याला, गिऱ्हाईकाला, मशिदीतून परत येताना सोबत चालणाऱ्याला. माणूस या एका वाक्यानं वाळत चालला आहे.

आणि तुमचा हॉल अजून बंद आहे. आत दोन टेबलं आहेत, सारखी उसळणारी, जोड नसलेली, वरणाच्या बादलीचा गोल डाग पडलेली. ती पोरींची होती. ती उघडी असती तर सागाच्या फळ्या गोणपाटातच राहिल्या असत्या, सर इथंच राहिले असते, एक पोरगी कंपनीत खोकी बांधत नसती, आणि दुसरी पाटीसमोर उभी राहिली नसती. वाहिद स्वतःला दोष देतो, कारण त्याला तुमच्याकडं बोट दाखवायची सवय नाही. तो टोपी हातात घेऊन उभा राहणारा माणूस आहे.

पण कोणीतरी विचारलं पाहिजे. म्हणून आता सरळ विचारणं आहे, साहेब, चहा खाली ठेवून ऐका. त्या पोरी सागवानानं हरल्या, की तुमच्या कुलपानं? फायलीतलं नाही, तोंडानं दिलेलं उत्तर पाहिजे. त्याच्या शेडमध्ये या, त्या अर्ध्या उभ्या टेबलासमोर गझालाच्या डोळ्यांत पाहून उभे राहा, आणि सांगा.

चावी कुठं आहे?